सूचना : निरंक

कार्यालयीन जीवनाची चर्चा करताना साहेबांचे रागीट आणि शांत असे जे दोन ढोबळ प्रकार पाडले जातात, ते अभ्यासाच्या दृष्टीने फारसे उपयोगाचे नाहीत, कारण रागीट साहेबाने सकाळी केलेले नुकसान बहुधा दुपारच्या चहापर्यंत भरून निघते आणि संध्याकाळी त्याच्याविषयी ‘तोंडाने फटकळ, पण मनाने साफ’ असा निर्वाळाही दिला जातो. उलट काही अत्यंत शांत, हसतमुख आणि दिवाळीला प्रत्येकाला आवर्जून शुभेच्छा देणाऱ्या साहेबांच्या हाताखाली तीन वर्षे काढलेला कर्मचारी पुढच्या दोन बदल्या होईपर्यंत बैठकीत तोंड उघडत नाही. या दुसऱ्या प्रकाराला सोयीसाठी ‘उत्साहशोषक साहेब’ असे म्हणता येईल. हाताखालच्या माणसाची काम करण्याची इच्छा आणि नवे काही सुचण्याची शक्ती जो कोणताही आवाज न करता, नियमांच्या चौकटीत राहून आणि बहुतेक वेळा सद्हेतूने काढून घेतो, तो उत्साहशोषक होय. अमेरिकन लेखिका लिझ वाइझमन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मल्टिप्लायर्स’ या पुस्तकात सहकाऱ्यांची बुद्धी वाढवणारे वरिष्ठ आणि ती आटवणारे वरिष्ठ असा भेद केला आहे. मात्र आटवण्याच्या कलेत भारतीय जिल्हा कार्यालयांनी गाठलेली सूक्ष्मता त्यांच्या नजरेस आली असती, तर पुस्तकाचा दुसरा खंड अटळ होता.

ही कला अभ्यासण्यास धाराशिव जिल्हा सोयीचा आहे, आणि तो इतरांपेक्षा वाईट आहे म्हणून नव्हे, तर नोकरी म्हटली की सरकारी कार्यालय, बँक, शिक्षणसंस्था आणि साखर कारखाना यांपलीकडे फारसे काही डोळ्यांपुढे येत नसल्याने येथे साहेब ही व्यक्ती अजून ठसठशीत दिसते म्हणून. हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि २०२३ मध्ये जिल्ह्याच्या पाटीवरचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव आले. या सर्व स्थित्यंतरांतून टेबलाच्या उजव्या कोपऱ्याशी, फाइल छातीशी धरून, किंचित वाकून उभे राहण्याची पद्धत मात्र एकाही अधिसूचनेने बाधित झालेली नाही.

उत्साहशोषणाचे मुख्य साधन नकार हे आहे असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक नकार ही मोठी प्रामाणिक गोष्ट असते. ‘अमान्य’ असा शेरा मिळालेला माणूस दोन दिवस चरफडतो, चहाच्या टपरीवर साहेबांच्या बुद्धीविषयी काही निरीक्षणे नोंदवतो आणि कामाला लागतो. खरा शोषक नकार कधीच देत नाही. कार्यालयात कोणताही विषय नस्तीवर, म्हणजे त्या विषयाच्या फाइलवर, टिप्पणीच्या रूपाने चढतो. कनिष्ठ सहायक ती टिप्पणी लिहितो, महसुलात त्याच्या वरचा कारकून आणि इतरत्र अधीक्षक ती तपासतो, आणि मग ती सह्यांची शिडी चढत साहेबांच्या टेबलावर पोहोचते. तेथे समासात, हिरव्या शाईने, तीनपैकी एखादा शेरा उमटतो: ‘बोला’, ‘चर्चा करा’ किंवा ‘तपासून पुन्हा सादर करा’. यांतला ‘बोला’ हा सर्वांत कसदार. कारण ज्याला बोलायचे आहे, त्याला दालनाबाहेरच्या बाकावर बसावे लागते, शिपाई ‘साहेब व्हीसीत आहेत’ असे सांगतो, म्हणजे साहेब पडद्यावरून त्यांच्या साहेबांचे ऐकत असतात. व्हीसी संपली की साहेब दौऱ्यावर निघतात, दौऱ्याहून आले की अभ्यागत असतात, आणि तिसऱ्या दिवशी आत जाण्याचा योग आलाच, तर ‘हं, काय होतं हे?’ या प्रश्नाने चर्चेचा आरंभ आणि ‘जरा बघा अजून’ या वाक्याने तिचा शेवट होतो.

या शेऱ्याची कायदेशीर बाजू अधिक रंजक आहे. दिरंगाई थांबावी म्हणून महाराष्ट्राने बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम २००५ मध्ये केला, तो १ जुलै २००६ पासून अमलात आला, आणि त्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. उत्साहशोषक साहेब हा कायदा तंतोतंत पाळतात. त्यांच्या टेबलावर फाइल एक दिवससुद्धा राहत नाही. ती ‘बोला’ हा शेरा घेऊन त्याच संध्याकाळी खाली येते आणि त्या क्षणापासून ज्याला बोलायचे आहे, त्याच्या नावावर प्रलंबित दिसू लागते. महिनाअखेरीस प्रलंबित प्रकरणांचा गोषवारा निघतो, तेव्हा साहेबांचा रकाना स्वच्छ असतो आणि बाकावर बसणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळते. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने विलंबाची इतकी नीटस वाटणी करून द्यावी, हे विधिमंडळाच्याही ध्यानात आले नसावे.

दप्तराच्या रचनेत या प्रकाराला एक तात्त्विक आधारही सापडतो. जिल्हा परिषद आणि महसूल कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत म्हणून ओळखली जाणारी एक जुनी आणि खरोखर शहाणी व्यवस्था आहे, तीत प्रत्येक कर्मचाऱ्याचे कागद प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद अशा सहा भागांत लावले जातात. मनुष्याच्या कार्यालयीन जीवनातील जवळजवळ प्रत्येक कागदाला या सहांत जागा आहे. ‘मला असे सुचते की’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या कागदाला तेवढी नाही, त्यामुळे तो प्रथम प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात राहतो आणि यथावकाश सहाव्यात जातो.

एखादे उदाहरण घेतल्याशिवाय या जाण्याचा वेग कळणार नाही. समजा, उन्हाळ्यात टँकर सुरू असलेल्या तालुक्यातील एका नव्या, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या महसूल सहायकाच्या लक्षात आले की टँकरच्या खेपांची तीच माहिती रोज तीन वेगवेगळ्या प्रपत्रांत, म्हणजे ठरवून दिलेल्या तक्त्यांत, तीन टेबलांना पाठवली जाते, आणि एकाच तक्त्यात दोन रकाने वाढवले तर रोजचा दीड तास वाचेल. तो उत्साहाने तसे सांगतो. रागीट साहेब म्हणाले असते, ‘आधी सांगितलेलं काम करा.’ उत्साहशोषक साहेब म्हणतात, ‘फार छान कल्पना, प्रस्ताव द्या.’ प्रस्ताव दिल्यावर त्यावर ‘इतर तालुक्यांत काय पद्धत आहे ते पाहावे’ असा शेरा येतो. इतर तालुक्यांकडून माहिती मागवण्यासाठी एक प्रपत्र तयार करावे लागते. आणि अशा रीतीने, तीन प्रपत्रांचे एक करण्याच्या प्रयत्नातून, तीन प्रपत्रे कोठे कोठे भरली जातात याची माहिती देणारे चौथे प्रपत्र जन्माला येते, जे दर सोमवारी भरायचे असते आणि ज्याची जबाबदारी, ‘विषय तुम्हीच काढलात’ या न्यायाने, त्या महसूल सहायकावर पडते. पुढच्या वर्षी त्याला दुसरी कल्पना सुचत नाही. सुचली, तरी ती घरी टिकते.

आढावा बैठक हे शोषणाचे दुसरे केंद्र, आणि तिच्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. जिल्ह्याचे आठ तालुके असून एका टोकाला परंडा आणि दुसऱ्या टोकाला, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर, उमरगा आहे. अकराच्या बैठकीसाठी दोन्हीकडची माणसे सकाळी घरून निघतात, अकराला सभागृहात बसतात आणि दीड वाजता साहेब आल्यावर उभी राहतात. बैठकीचा खरा विषय माहिती नसून माहितीचा रंग असतो. तक्त्यात ज्याचा तालुका हिरव्या पट्ट्यात आहे त्याला प्रश्न विचारला जात नाही, पिवळ्याला ‘का?’ असे विचारले जाते आणि लाल पट्ट्यातील अधिकाऱ्याने ‘सर, पुढच्या आठवड्यात कव्हर करतो’ एवढे एकच वाक्य म्हणायचे असते; कारण सांगितले तर ती सबब ठरते आणि उपाय सांगितला तर तो आत्ताच का केला नाही असा प्रश्न येतो. २०१८ च्या जानेवारीत केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोली यांच्यासोबत या जिल्ह्याची निवड झाली, आणि आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, वित्तीय समावेशन व कौशल्य, पायाभूत सुविधा अशा क्षेत्रांतील ४९ निर्देशांकांवर दर महिन्याची सुधारणा मोजून क्रमवारी लावण्याची पद्धत आली. स्पर्धा कशात आहे हे त्यामुळे स्पष्ट झाले, ही मोठीच गोष्ट. परंतु कोणतीही मोजपट्टी उत्साहशोषकाच्या हाती पडली की त्याचे लक्ष मोजल्या जाणाऱ्या वस्तूवरून पट्टीवर सरकते, आणि मग गरोदर मातेची तपासणी झाली काय यापेक्षा तिची नोंद पोर्टलवर किती वाजता पडली, हा प्रश्न सभागृहात अधिक वेळ घेतो.

बैठकीच्या शेवटी ‘कुणाला काही सूचना?’ असे विचारण्याची चाल आहे. या प्रश्नानंतरची शांतता आणि त्याच लोकांचा पाच मिनिटांनी जिन्यात सुरू होणारा कलकलाट, यांतील अंतर हेच खरे तर साहेबाच्या शोषणक्षमतेचे माप मानायला हरकत नाही. इतिवृत्तात मात्र ‘सूचना : निरंक’ अशी नोंद होते, निरंक म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, आणि कार्यालयीन व्यवहारात निरंक अहवालसुद्धा वेळेत पाठवावा लागतो.

या शांततेचा परीक्षेशी असलेला संबंध जिल्ह्याला सुमारे सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. प्राचीन काळी तगर म्हणून व्यापारात गाजलेले तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. परंपरा सांगते त्याप्रमाणे, जमलेल्या संतांपैकी पक्के कोण आणि कच्चे कोण हे पाहण्यासाठी मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी घडवण्याचे थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. बाकीचे गप्प राहिले, नामदेवांनी हरकत घेतली, आणि तेच मडके कच्चे निघाले. आध्यात्मिक संदर्भात या कथेचा अर्थ अहंकारासंबंधी आहे व तो योग्यच आहे. पण उत्साहशोषक साहेबांनी तिचा कार्यालयीन अन्वयार्थ लावून घेतलेला दिसतो, तो असा की डोक्यावर ठोकले असता जो आवाज करतो तो कच्चा. फरक इतकाच की गोरोबाकाकांची परीक्षा चारचौघांत झाली, निकाल तेथल्या तेथे लागला, आणि नामदेवांना विसोबा खेचरांकडे जाऊन पुढचा अभ्यास करता आला. गोपनीय अहवालाची परंपरा वेगळी होती. वर्षभराच्या कामाचा शेरा साहेब लिहीत आणि तो प्रतिकूल असल्याशिवाय संबंधिताला कळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये प्रत्येक शेरा कळवला पाहिजे असा निर्णय दिल्यावर ही गुप्तता ओसरली. तरीही प्रतवारीच्या शिडीवर ‘निश्चित चांगला’ नावाची जी एक पायरी आहे, तिचे महत्त्व टिकून आहे. पदोन्नतीच्या काळात तिच्याहून खाली जाणे परवडत नाही, आणि माणूस निश्चित चांगला ठरण्याचा सर्वांत निश्चित मार्ग म्हणजे वर्षभर काहीही न सुचणे.

अभ्यासकांनी हे बरेच आधी मोजून ठेवले आहे. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या विभागांत चुका कमी आढळतील ही त्यांची अपेक्षा होती, आढळल्या जास्त. कारण शोधता दिसले की तेथे चुका जास्त होत नव्हत्या, तर सांगितल्या जात होत्या. चूक, शंका किंवा कल्पना बोलून दाखवल्याने आपली शोभा होणार नाही, असा गटात असलेला विश्वास, ज्याला मानसिक सुरक्षितता म्हणतात, तो तेथे अधिक होता. तेरेसा अमाबिले यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२,००० दैनंदिन नोंदी वाचून असे दाखवले की अर्थपूर्ण कामात रोज थोडे तरी पुढे सरकता येणे, हेच उत्साहाचे सर्वांत मोठे इंधन आहे; आणि त्यांनी ६६९ वरिष्ठांना प्रेरणेच्या पाच घटकांचा क्रम लावायला सांगितला, तेव्हा या घटकाला त्या मंडळींनी शेवटचा क्रमांक दिला. ‘बोला’ हा शेरा जगातल्या सर्व भाषांत असावा, असे यावरून अनुमान निघते.

जिल्ह्यात एक वास्तू अशी आहे की तिच्याकडे पाहताना हा विषय मनात येणे अपरिहार्य ठरते. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीच्या प्रवाहावर बंधारा घालून त्याच बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधलेला आहे, त्यास पाणीमहाल म्हणतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातील, १६१३ च्या सुमाराचे हे काम असून पावसाळ्यात नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असताना आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहू शकतो. धरणात महाल बांधण्याची ही कल्पना ज्या कुणा कारागिराने प्रथम तोंडातून काढली, त्याचा वरिष्ठ उत्साहशोषक नव्हता, एवढे विधान पुराव्याशिवाय करता येते. असता, तर प्रस्तावावर ओळीने शेरे उमटले असते: धरण की महाल, बाब एक निश्चित करावी, धरणाचा खर्च पाटबंधारे आणि महालाचा इमारत या लेखाशीर्षाखाली दाखवावा, एक सांडवा पुरेसा असताना दोन कशासाठी, समर्थन द्यावे, विजापूरच्या इतर किल्ल्यांत अशी पद्धत आहे काय, ते पाहावे. नदी तोवर वाहत राहिली असती आणि पर्यटकांना दाखवण्यासाठी एक जाडजूड नस्ती उरली असती.

याउलट घडल्याचे उदाहरणही याच मातीत आहे आणि ते गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला भूकंपाने हादरवले. सास्तूर परिसरासह अनेक गावे उद्ध्वस्त झाली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली, आणि ज्यांची घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करायची होती अशा गावांची संख्या त्याहून कितीतरी मोठी होती. या दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ज्या बायकांना तोवर गावच्या बैठकीत बसायची जागा नव्हती, त्या घरमालक आणि शासन यांच्यामधला दुवा झाल्या, भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाची माहिती घरोघर पोहोचवू लागल्या. एवढ्या प्रचंड कामात सरकारी यंत्रणेला गावाचे ऐकून घ्यावे लागले, आणि ऐकले तेव्हा सूचना निरंक आल्या नाहीत. शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची आणि टेबलांची मांडणीच बदलून टाकली, तिला पुढे ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पडले. कारकुनाच्या रोजच्या अडचणी कारकुनाच्या जागी बसून पाहिल्याखेरीज असली मांडणी कुणाला सुचत नाही.

न्यायाचा भाग म्हणून उत्साहशोषकाची बाजूही मांडली पाहिजे. त्यालाही साहेब असतो. ‘होय’ लिहिले तर पाच वर्षांनी लेखापरीक्षणाचा परिच्छेद निघू शकतो, ‘नाही’ लिहिले तर दुसऱ्याच दिवशी लोकप्रतिनिधीचा फोन येऊ शकतो, आणि माहितीच्या अधिकारात दोन्हींच्या प्रती मागता येतात. ‘बोला’ या शेऱ्याने मात्र आजवर कुणाची चौकशी लागल्याचे ऐकिवात नाही. एका जागी सामान्यतः तीन वर्षे असतात, त्यांतले पहिले जिल्हा समजून घेण्यात आणि शेवटचे बदलीचे ठिकाण समजून घेण्यात जाते, तेव्हा मधल्या एका वर्षात कुणाच्या कल्पनेपायी हात का भाजून घ्यावेत, हा त्याचा हिशेब व्यक्तिशः चोख असतो. शिवाय तोही कधीकाळी अभ्यासिकेतून उत्साहाने बाहेर पडलेला असतो आणि त्यानेही कुठल्या तरी दालनाबाहेरच्या बाकावर बसून दिवस काढलेले असतात. चोख हिशेबांची ही बेरीज जिल्ह्याच्या वाट्याला तोट्यात येते, हे त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत कोठेच दिसत नाही.

नावीन्याची सक्ती हा या प्रकारावरचा सरकारी उतारा. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते, वरून विचारणा होते, आणि मग परिपत्रक निघते की प्रत्येक विभागाने शुक्रवारी सायंकाळी ५ पर्यंत किमान दोन नावीन्यपूर्ण उपक्रम सोबतच्या प्रपत्रात सादर करावेत. गुरुवारी रात्री गेल्या वर्षीची फाइल शोधली जाते, वर्ष बदलले जाते, ‘डिजिटल’ हा शब्द दोन ठिकाणी घातला जातो, आणि टँकरचा तक्ता सुचवणारा तो महसूल सहायक, जो आता या कामात तरबेज झालेला आहे, शुक्रवारी चार वाजताच तालुक्याचे नावीन्य ई-मेलने रवाना करून मोकळा होतो.

अशा साहेबांची बदली झाली की निरोप समारंभ अत्यंत हृद्य होतो. शाल, श्रीफळ, तुळजाभवानीची प्रतिमा दिली जाते, ‘साहेबांनी आम्हाला कधी परके मानले नाही’ अशी भाषणे होतात, आणि ती खोटी नसतात, कारण तीन वर्षांत त्यांनी खरोखरच कुणाला दुखावलेले नसते. त्याच संध्याकाळी नव्या साहेबांविषयी चौकशी सुरू होते. तिचा अधिकृत मार्ग म्हणजे सेवातपशील, आणि विश्वासार्ह मार्ग म्हणजे त्यांच्या आधीच्या ठिकाणच्या ड्रायव्हरला फोन. जीपमध्ये तीन वर्षे साहेबांच्या शेजारी बसलेला तो ड्रायव्हर मोजकेच सांगतो: ‘साहेब लई चांगलेत, कुणाला बोलत न्हाईत. फकस्त फायलीवर ‘बोला’ लिवतेत.’